ए.एन.एम. झालेल्या सुनेने पुढे काय शिकावे?



मृगाच्या तोंडावर आम्ही विस्तार खात्याची माणसे गावोगाव खरिपाच्या सभा घेतो. बियाण्याची उगवण कशी तपासावी, बीजप्रक्रिया कशी करावी हे सांगतो आणि शेवटी ‘काही शंका असल्यास विचारा’ म्हणतो. मागच्या खरिपात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका गावी सभा संपली, तरी एक गृहस्थ मागे रेंगाळले. मला वाटले, हुमणीचे किंवा पीकविम्याचे काही असेल. ते म्हणाले, “साहेब, शेतीचं न्हाई. सूनबाईचं इचारायचंय. सून ए.एन.एम. हाय. दोन वर्सं शिकली. आता मोठी नर्स व्हायचं म्हणती. मोठीला तीन वर्सं लागत्यात म्हणं. म्हंजी एकच वर्स राहिलं न्हवं?”

खरे सांगतो, हिशेब इतका सरळ होता की मी ‘हो’ म्हणणारच होतो. पण पाहून सांगतो म्हणालो. पंचायत समितीत आमचे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचे कार्यालय एकाच आवारात असते. दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन नियम वाचले, दोन जुन्या आरोग्य सेविकांना गाठून विचारले आणि मग कळले, की त्या गृहस्थांचा हिशेब साफ चुकला होता. ए.एन.एम.ची दोन वर्षे जी.एन.एम.च्या तीन वर्षांतून वजा होत नाहीत. पहिल्या वर्षापासूनच बसावे लागते. एका रानातली तूर दोन महिन्यांची झाली, म्हणून शेजारच्या रानात नव्याने पेरलेल्या तुरीचे दोन महिने वाचतात का? तसेच हे.

ही चूक एकट्या त्यांची नाही. आपल्या भागात शेकडो मुली बारावीनंतर ‘आधी ए.एन.एम. करू, मग पुढचे बघू’ म्हणून त्या वाटेला लागतात. घरच्यांना वाटते, जिना आहे, एक पायरी झाली. पण हे दोन वेगळे जिने आहेत.

आधी नावे समजून घेऊ, कारण गावात सगळ्यांनाच ‘सिस्टर’ म्हणतात. ए.एन.एम. म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसविका. शासनाच्या नोकरीत ही आपली आरोग्य सेविका, उपकेंद्रावरची. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि तो फक्त मुलींसाठी आहे. जी.एन.एम. म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका ही तीन वर्षांची पदविका. ती झाली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत सुईण अशी नोंद होते. सरकारी दवाखान्यातील अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, ती हीच. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी असून तिच्यावरही हीच नोंद होते. ए.एन.एम.ची नोंद कौन्सिलकडे होते, पण ती निराळी.

हे दोन दर्जे पडले कसे? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा मोठा अहवाल दिला. तेव्हा पूर्ण शिकलेल्या परिचारिका मूठभर होत्या आणि खेडी लाखो. म्हणून पन्नाशीच्या दशकात कमी मुदतीचे शिक्षण घेतलेली ए.एन.एम. तयार करायला सुरुवात झाली. पुढे १९७३ साली कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्य सेविका केले. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा हिशेब आजही ऐकू येतो. म्हणजे ए.एन.एम. ही अर्धवट नर्स म्हणून नव्हे, तर गावासाठी वेगळे काम करणारी बाई म्हणून घडवली गेली. लस टोचणे, गरोदर मातेची नोंद, बाळंतपणानंतरच्या घरभेटी ही तिची कामे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या बाईचे माता-बाल कार्ड भरून तिच्या हाती देणे हेही तिचेच. ते कार्ड असले म्हणजे कारखान्याच्या तळावर पोराची पुढची लस चुकत नाही.

हे काम हलके समजू नका. २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आपल्या जिल्ह्याचे आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. पाळीच्या त्रासाला, अंगावरून जाण्याला थेट शस्त्रक्रियाच करण्यापूर्वी एकदा दुसरीकडे तपासून घे, हे दारात येऊन सांगणारी जर कोणी असेल तर ती उपकेंद्रावरची सिस्टरच.

मग पुढे शिकायचे कशाला? एक कारण पगार. सातव्या वेतन आयोगात आरोग्य सेविकेची श्रेणी २५,५०० ते ८१,१०० आणि अधिपरिचारिकेची ३५,४०० ते १,१२,४०० आहे. मूळ पगारातच दहा हजारांचे अंतर, वर महागाई भत्त्याचे वेगळे. अर्थात ही श्रेणी कायम नोकरीची. आपल्याकडच्या पुष्कळ ए.एन.एम. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून कंत्राटी मानधनावर आहेत, हे विसरू नये. दुसरे कारण मी त्या जुन्या सेविकांकडून ऐकले. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. तिथे आयुर्वेदाचे पदवीधर किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेले घेतात. वीस वर्षे गाव पायी तुडवलेल्या सेविकेच्या वर चोवीस वर्षांची पदवीधर मुलगी येऊन बसते. त्यात त्या मुलीचा दोष काही नाही. पण एक सेविका म्हणाल्या, “साहेब, खुर्ची बदलली त्याचं वाईट वाटत नाही. मला शिकता येत होतं तेव्हा कुणी सांगितलं नाही, त्याचं वाटतं.” हा लेख लिहायला बसण्याचे खरे कारण हेच वाक्य.

कोणाला कोणते दार उघडे?

आता मुद्द्याचे. वाट ठरते ती बारावीला काय घेतले होते यावर.

मुलगी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन पास झाली असेल आणि तिला नर्सच व्हायचे असेल, तर ए.एन.एम.च्या वाटेला तिला पाठवू नका. बी.एस्सी. नर्सिंगला या विषयांत खुल्या गटाला ४५ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. चार वर्षांत पदवी हाती येते. तीच मुलगी ए.एन.एम., मग जी.एन.एम., मग पदवी अशी गेली तर दोन, तीन आणि दोन मिळून सात वर्षे होतात. तीन वर्षे जादा, आणि मधल्या काळात लग्नाचा विषय निघतोच. पदवीला नंबर लागला नाही तर थेट जी.एन.एम. धरावे. त्याला कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र इंग्रजी विषय हवा आणि ४० टक्के गुण हवेत.

बारावी कला शाखेची असेल तर पदवीचे सरळ दार बंद आहे. तिला जी.एन.एम. आणि त्यानंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग अशी वाट आहे, एकूण पाच वर्षे. तीन वर्षांनी ती नोंदणीकृत परिचारिका होतेच, पदवी नंतर सवडीने. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने नोकरीतल्या परिचारिकांसाठी ही पदवी दूरशिक्षणानेही चालवली आहे. चालू वर्षी प्रवेश आहे का, हे अभ्यासकेंद्रावर विचारावे.

आणि जी आधीच ए.एन.एम. झाली आहे, तिच्यासाठी नियमात एक चांगली गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या जी.एन.एम. नियमावलीत राज्य कौन्सिलकडे नोंद असलेली ए.एन.एम. प्रवेशाला पात्र धरली आहे. इतरांना वयाची अट १७ ते ३५ आहे, पण ए.एन.एम.ला वरची वयोमर्यादा नाही. म्हणजे वर्षे वाचत नसली तरी दार बंद होत नाही. पस्तिशी उलटली म्हणून ‘आता काय शिकायचे’ असे कोणी तुम्हाला म्हणाले, तर तो नियम तुमच्या बाजूने आहे. मात्र नोंदणीचे नूतनीकरण राहिले असेल तर ते आधी करून घ्या. आपली माणसे सातबारा जपतात आणि नोंदणीपत्र ट्रंकेच्या तळाशी टाकतात.

नोकरी सांभाळून जी.एन.एम. करू, असे कोणी समजू नये. वर्गात ८० टक्के हजेरी लागते आणि दवाखान्यातील प्रात्यक्षिकाची हजेरी प्रमाणपत्रापूर्वी पूर्ण शंभर टक्के भरावी लागते. ‘घरी बसा, परीक्षेला या’ असे सांगणारा भेटला तर त्याच्या दारातून परत फिरा. अभ्यासही सोपा नाही. पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र येते आणि पुस्तके इंग्रजीत असतात. दहा वर्षांपूर्वी कला शाखेतून बारावी झालेल्या बाईला पहिले सहा महिने जड जातात. पण सलाईन, नाडी, गरोदर मातेची तपासणी हे तिच्या हातात आधीच बसलेले असते. बारावीची पोरे रुग्णाला हात लावायला बिचकतात, तिथे ही पुढे असते.

लेबल पाहिल्याशिवाय पिशवी उचलू नका

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल असते. पायाभूत बियाण्याला पांढरे. लेबल नसेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी पिशवी उचलू नये, हे मी तीस वर्षे सांगत आलो. माझ्याच नात्यातल्या एका मुलीच्या बाबतीत मात्र मी ते पाहिले नाही. तालुक्याच्या गावी एका माडीवर ‘नर्सिंग’ची पाटी होती, एक वर्षाचा कोर्स होता. फी भरली, वर्ष गेले, सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळाले. कौन्सिलकडे नोंदणीला गेलो तेव्हा कळले, की त्या कागदावर नोंद होतच नाही. रुग्णाजवळ बसणारी मदतनीस एवढाच त्याचा उपयोग. पैसे गेले ते गेलेच, पण मुलीचे वर्ष गेले ते माझ्या मनाला आजही टोचते.

तेव्हा फी भरण्याआधी पाहा. संस्थेला भारतीय नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल या दोघांची मान्यता आहे का, आणि ती तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची आहे का? जुन्या मान्यतेचा कागद काचेत लावून ठेवणारे असतात. दोन्ही कौन्सिलांच्या याद्या संगणकावर पाहता येतात. गावातला कोणताही शिकलेला पोरगा मोबाईलवर दाखवील. दुसरे, शाळेचे स्वतःचे रुग्णालय आहे का? नव्या जी.एन.एम. शाळेला किमान १०० खाटांचे रुग्णालय हवे असा दंडक आहे. दुपारच्या वेळी न सांगता जाऊन वॉर्डात किती खाटा भरल्या आहेत ते डोळ्यांनी पाहा. पेशंटच नसेल तर पोरगी शिकणार कोणावर? परराज्यातील संस्थेत जायचे असेल, तर तिथल्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्रात नोंद होईल का, हे आधी मुंबईच्या कौन्सिलला लेखी विचारावे. एजंटच्या तोंडी शब्दावर एक रुपया देऊ नये.

मध्यंतरी ‘जी.एन.एम. बंद होणार’ अशी आवई उठली होती. फक्त पदवीच ठेवावी असा विचार काही वर्षांपूर्वी वरच्या पातळीवर झाला होता, पण तो अमलात आला नाही. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घ्यायची आहे. त्यामुळे बारीकसारीक नियम बदलत राहतील. ज्या वर्षी अर्ज कराल, त्याच वर्षीची माहितीपुस्तिका प्रमाण माना, माझा लेख नव्हे.

तीन वर्षांचा घरखर्च

आता ज्याने घर अडते ते. पिकाचा ताळेबंद मांडतो तसा हा मांडा. फी, वसतिगृह, पुस्तके, गणवेश एका बाजूला लिहा आणि तिचे बंद होणारे मानधन त्याच बाजूला लिहा. ते बहुतेक लोक लिहीतच नाहीत. सरकारी शाळेतील जागा मिळाली तर ओझे पुष्कळ हलके होते, म्हणून पहिला अर्ज तिथे करावा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज असतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी वाढवली. आपला अभ्यासक्रम आणि आपला प्रवेश त्यात बसतो का, हे प्रवेशापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र ऐनवेळी मिळत नाहीत, ती उन्हाळ्यातच काढून ठेवा. एवढे करून कमी पडले तर बँकेचे शैक्षणिक कर्ज आहे. चार लाखांपर्यंत त्याला तारण मागत नाहीत. यासाठी जमीन गहाण टाकणे मला पटत नाही आणि मुकादमाकडून उचल घेणे तर मुळीच नाही.

उचलीचा विषय आमच्या जिल्ह्यात टाळून चालत नाही. पावसाळ्यात मुकादम घरी येतो, दसऱ्यानंतरच्या हंगामाचे पैसे आधी देतो. नवरा-बायकोचा एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. प्रवेशाच्या याद्याही पावसाळ्यात आणि त्यानंतर लागतात. घरातली एक बाई शिकायला गेली की तिच्या पोराजवळ दुसरी बाई थांबावी लागते. म्हणजे घराचा एक कोयता मोडतो. पूर्ण कोयत्याची उचल आधीच खर्च झाली असेल तर यादीत नाव लागूनही सून जाऊ शकत नाही. तेव्हा यादी लागेपर्यंत अर्ध्या कोयत्याचीच बोली करा.

सर्वांनीच जी.एन.एम. करावे असेही माझे म्हणणे नाही. कायम नोकरीत असलेल्या चाळिशीच्या सेविकेला खात्यातच आरोग्य सहायिकेच्या बढतीची वाट असते. तिने ज्येष्ठता यादीत आपला नंबर पाहावा आणि मगच ठरवावे. कंत्राटी सेवेला आठ-नऊ वर्षे झाली असतील तर आणखी जपून. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याची तरतूद आहे. मध्येच सोडले तर ती वर्षे धरतील का, हे लेखी विचारल्याशिवाय राजीनामा देऊ नका. शिवाय वॉर्डातले काम वेगळे असते. रात्रपाळी असते, एका बाईकडे कितीतरी खाटा असतात. अंबाजोगाईला १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या रुग्णालयात ओळखीचा पेशंट असेल तर एक रात्र सोबतीला राहा आणि सिस्टर काय काय करते ते पाहा. ज्या बाईला गाव, घरभेटी, मोकळी हवा आवडते, तिला हे काम मानवेलच असे नाही.

हे सगळे मी त्या गृहस्थांना त्यांच्या ओसरीवर बसून सांगितले. सून एकोणतीस वर्षांची, बारावी कला, चार वर्षे कंत्राटी, मुलगा पहिलीत. ती दाराआडून ऐकत होती, मग बाहेर येऊन बसली. “पहिल्यापासनं तीन वर्सं?” सासऱ्यांनी दोनदा विचारले. सून म्हणाली, “मामा, तीन वर्सं तशीबी जाणारच हैत.” सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी न्हाई जात औंदा कारखान्याला. पोरापाशी ऱ्हाते.” म्हाताऱ्याने मान डोलावली, पण त्यांना हिशेब लागत होता, अर्ध्या कोयत्याचा.

तेवढ्यात धाकटी मुलगी चहा घेऊन आली. अकरावीला शास्त्र शाखा. वहिनीने केले म्हणून हिलाही बारावीनंतर ए.एन.एम.ला घालायचे, असे घरात ठरून गेले होते. तिला विचारले तर जीवशास्त्र आवडते म्हणाली. सीईटीचे नाव तिने ऐकले नव्हते.

सोयाबीनला शेंगा धरताना पुन्हा त्या गावी गेलो. सुनेने नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले होते आणि दोन ठिकाणी अर्ज टाकला होता. यादी लागायची होती. मुकादम येऊन गेला होता. म्हाताऱ्यांनी त्याच्याशी अर्धाच कोयता ठरवला होता.